खापरपणजीचं नाव
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस, एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर सगळेच बोलतात. मला गेली तीन वर्षं एका वेगळ्याच कामाने झपाटलंय, त्यावर बोलू द्या. म्हणून आज मी माझ्या खापरपणजीबद्दल बोलणार आहे. खापरपणजी म्हणजे पणजोबांची आई. तुमच्यापैकी किती जणांना तिचं नाव ठाऊक आहे? हात वर करा. बघा, एकही नाही. तीन वर्षांपूर्वी माझाही हात खालीच होता.

सुरुवात झाली ती ऑफिसमध्ये. आमच्या टीममध्ये एक अमेरिकन सहकारी आहे. एका सोमवारी तो खूश होऊन सांगायला लागला की त्याच्या खापरपणजोबांचं आयोवामधलं शेत त्याला सापडलं. घरबसल्या, पाच शनिवारांत. तिकडे १८५० पासूनच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव, वय आणि जन्मस्थान लिहिलेलं आहे. अपवाद गुलामांचा. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावं १८७० च्या जनगणनेत पहिल्यांदा आली. जनगणनेचे हे कागद ७२ वर्षांनी सगळ्यांना खुले होतात. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर जमीन मिळालेल्या शेतकऱ्यांच्या फायलीही जपून ठेवल्या आहेत. त्यांच्याकडेही भोकं आहेतच. १८९० च्या जनगणनेचे कागद १९२१ च्या आगीत खराब झाले आणि पुढे जवळजवळ सगळे गेले. तरी पाच शनिवारांत काम झालं.

त्याने मला सहज विचारलं, "तुझे खापरपणजोबा कोण होते?" मी म्हटलं, "निर्मळचे शेतकरी." पुढे काही सांगताच येईना.

आपल्याकडे जनगणनेत माणसांची नावं घेतात, पण ती गोपनीय राहतात. छापले जातात फक्त आकडे. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर मी वाचलं. त्यात आपलं निर्मळ आहे, शंकराचार्यांची समाधी आहे, कार्तिकातली जत्रा आहे. त्याच वर्षी शेजारच्या सोपाऱ्याला भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरून काढला. एवढं सगळं मिळालं, पण बावखलावर रहाट चालवणारा माझा माणूस त्यात कुठे असणार?

आता घरातली गोष्ट सांगते. इथले काही जण ती अर्धीमुर्धी जाणतात, म्हणून आडपडदा ठेवत नाही. आमच्या आळीत आमच्याच आडनावाचं आणखी एक घर आहे. दोन घरांच्या मध्ये बावखल. मुंबईहून आलेल्या जोडीदारांसाठी सांगते, बावखल म्हणजे आपल्या वाड्यांना पाणी पुरवणारं जुनं तळं. या बावखलाच्या हिश्शावरून दोन्ही घरांत बोलणं नाही. माझ्या जन्माच्या आधीपासून नाही. ती मुलं याच शाळेत होती. आम्ही एकाच वाटेने यायचो, पण रस्त्याच्या दोन कडांनी.

त्यांच्या घरात सांगायचे, "यांचा पणजा इथला नव्हेच. त्याची आई विधवा होती, ती आमच्या म्हाताऱ्याला दुसरेपणावर आली आणि हे पोर बरोबर घेऊन आली. त्यांचा बावखलात हिस्सा कसला?" आमच्या घरात सांगायचे, "साफ खोटं. पणजोबांची आई नंदाखालची, चांगल्या घरची, पहिल्या लग्नाची. ती बाळंतपणात गेली. यांचा आणि आपला काही संबंध नाही, आडनाव तेवढं एक." आणि आडनावाने काहीच सिद्ध होत नाही, हे आपल्याला माहीत आहेच. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली पोर्तुगीज आडनावं ती. आपल्या वर्गातच एका आडनावाचे सात जण होते आणि सातांतल्या एकाचंही नातं नव्हतं.

पप्पा आजारी पडले तेव्हा मी ठरवलं की हे एकदा कागदावर बघायचंच.

कागद कुठे असतात? आम्हा ख्रिस्ती लोकांसाठी पहिली जागा धर्मग्रामाची रजिस्टरं. बाप्तिस्मा आणि विवाह यांची नोंद ठेवण्याचा नियम कॅथोलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत, १५६३ मध्ये केला. मृतांच्या नोंदी पुढे त्यात आल्या. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, पण त्यांची भाषा चर्चच्या कपाटात राहिली. आपली बहुतेक चर्चेस आधी गोव्याच्या आणि १८८६ नंतर दमणच्या धर्मप्रांताखाली होती. मुंबईशी ती जोडली गेली १९२८ मध्ये, आणि वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला १९९८ मध्ये. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या ज्या नोंदी मी पाहिल्या त्या पोर्तुगीजमध्ये, हाताने लिहिलेल्या.

फादरांनी परवानगी दिली, पण अटी घालून. शनिवारी दोन तास, फोटो काढायचे नाहीत, पेन नाही, फक्त पेन्सिल. अटी योग्यच होत्या. शाईने कागद खाल्ला होता, पान उलटताना कडेचा चुरा टेबलावर पडायचा. मला पोर्तुगीज येत नव्हतं. पण नोंदी साच्यातल्या असतात, तीस-चाळीस शब्द कळले की वाचता येतात. मुलगा, मुलगी, औरस, विधवा, पुरले, धर्मपिता, धर्ममाता. अवघड होती ती नावं. घरी बस्त्याव म्हणतात तो रजिस्टरात सेबास्तियांव, इनास म्हणतात तो इग्नासियू. एकाच माणसाच्या नावाची स्पेलिंगं तीन नोंदींत तीन.

इथे माझा धंदा उपयोगी पडला असं मला वाटलं. नाव वेगवेगळं लिहिलं तरी उच्चारावरून जुळवायची एक जुनी पद्धत आहे, साउंडेक्स. तिचं पेटंट १९१८ चं, आणि पुढे अमेरिकेच्या जनगणनेची सूची करायला ती वापरली गेली. तसंच काहीतरी मी आपल्या नावांसाठी लिहिलं. सहाशेच्या वर नोंदी तक्त्यात भरल्या, प्रोग्राम चालवला, आणि पणजोबा सापडले. बाप्तिस्मा १८८२. वडिलांचं नाव बरोबर, गाव बरोबर, आई नंदाखालची. आमच्या घरातली गोष्ट अक्षरशः खरी!

प्रोग्रामने आणखी एक नोंद दाखवली होती. १८८६ ची. मुलाचं नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आईचं नाव वेगळं. मी म्हटलं, लिहिणाऱ्याची चूक असेल, किंवा दुसराच कुणी असेल. डेटामध्ये दोनदा आलेली ओळ आम्ही काढून टाकतो. ती मी काढून टाकली. घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घोषणा केली. पप्पांनी अंथरुणातून फोन करून पाच जणांना सांगितलं. ते वाक्य समोरच्या घरापर्यंत पोचायला एक संध्याकाळ लागली.

दोन महिन्यांनी मी आत्याकडे गेले. आत्या ऐंशीच्या पुढची. लहानपणी ती पणजोबांच्या मांडीवर खेळलेली. मी तिला सगळं सांगितलं. तिने सुपारी कातरता कातरता ऐकलं आणि म्हणाली, "असेल बाई. पण आजा तर सांगायचा, आईला मानमोडीच्या साथीत पुरली. खांदा द्यायलाही माणसं मिळेनात, मीच एका बाजूने धरली, म्हणायचा."

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. बाळंतपणात, १८८२ मध्ये गेलेल्या आईला १९१८ मध्ये मुलगा खांदा कसा देईल?

मी त्या रात्री झोपले नाही. प्रोग्रामची चूक आपणच करून ठेवलेली आहे हे कळल्यावर कसं वाटतं, ते इथल्या आयटीवाल्यांना माहीत आहे.

पुढच्या शनिवारी मी बाप्तिस्म्याचं नाही, मृत्यूचं रजिस्टर मागितलं. १८८२ चं पान काढलं. नंदाखालच्या त्या बाईला बाळाच्या बाप्तिस्म्यानंतर सहाव्या दिवशी पुरलं होतं. तीन महिन्यांनी त्याच पानावर खाली ते बाळ. म्हणजे मी ज्यांना पणजोबा म्हणून जाहीर केलं होतं, ते मूल चार महिन्यांचंही झालं नव्हतं. मूल गेलं की त्याचं नाव पुढच्या मुलाला द्यायची रीत होती, ही गोष्ट वंशावळ शोधणाऱ्या कुणालाही पहिल्या दिवशी शिकवतात. मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग विवाहाचं रजिस्टर. १८८४. नवरा विधुर, बायको विधवा. आणि १८८६ मध्ये त्या दोघांचा औरस मुलगा, गेलेल्या भावाचंच नाव घेऊन. ते माझे पणजोबा. ड्युप्लिकेट म्हणून मी ज्यांना पुसून टाकलं होतं, ते.

शेवटी १९१८ चा ऑक्टोबर. एरवी एका पानावर कित्येक आठवड्यांच्या नोंदी असतात. त्या महिन्यात पान दोन-तीन दिवसांत भरतं. अक्षर बिघडत गेलेलं दिसतं. त्या गर्दीत एका ओळीत माझी खापरपणजी आहे. नाव: मारिया. अमक्याची विधवा. बस्स. त्या पानावर निम्म्या बायका मारियाच आहेत. घरात तिला काय म्हणायचे, कोणत्या नावाने हाक मारायचे, ते कुठे लिहिलेलं नाही.

आता दोन्ही घरांच्या गोष्टी शेजारी ठेवून बघा. त्यांचं म्हणणं, आई विधवा होती, दुसरेपणाची होती. ते खरं. पोर बरोबर घेऊन आली, हे खोटं. पोर लग्नानंतर दोन वर्षांनी झालं, याच घरात. आमचं म्हणणं, पणजोबा त्याच बापाचे, हे खरं. आई पहिल्या लग्नाची, हे खोटं. त्यांच्या टोमण्याला उत्तर म्हणून आमच्या लोकांनी पणजोबांना दुसरी आई लावून दिली. आणि ते करताना, चौतीस वर्षं या घरात राबलेल्या, पोराला वाढवलेल्या बाईलाच घरातून काढून टाकलं. तिचं नाव घेतलं तर टोमणा खरा ठरेल, म्हणून तिचं नावच घ्यायचं नाही.

आणि समोरचं घर? त्यांचा पूर्वज १८७७ चा, पहिल्या लग्नाचा थोरला मुलगा. म्हणजे माझ्या पणजोबांचा सावत्र भाऊ. बाप एकच.

जमिनीचेही कागद काढले. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदी सुरू झाल्या, त्यामुळे त्यानंतरचे फेरफार मिळू शकतात. आमचा जुना फेरफार मोडीत होता. मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ भेटले, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सावकाश वाचून दाखवलं. बाप मयत, वारस दोन मुलगे, वाडी आणि बावखल निम्मेनिम. भावाभावांत तेव्हा भांडण नव्हतं. ते नंतर कुणीतरी सुरू केलं.

या वेळी मी ग्रुपवर काही टाकलं नाही. आधी पप्पांना सांगितलं. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आजीला आपणच घराबाहेर ठेवली." थोड्या वेळाने म्हणाले, "समोर जाऊन सांग. पण बावखलाचं बोलू नकोस."

समोरच्या घरात मी आयुष्यात पहिल्यांदा गेले. चाळीस पावलं. तिथले काका पंचाऐंशीचे, ओट्यावर बसलेले. मी वही उघडून एकेक तारीख वाचून दाखवली. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "आमच्या थोरल्या म्हाताऱ्याची आई गेली तेव्हा तो केवढा होता?"

मी म्हटलं, "पाच वर्षांचा."

"मग त्याला कुणी वाढवला?"

हा प्रश्न मला तीन वर्षांत सुचला नव्हता. मी माझ्याच पणजोबांच्या मागे होते. पाच वर्षांचं आई नसलेलं पोर, दोन वर्षांनी घरात आलेली दुसरी आई. कागदावर काही नाही. पण १९०० मधली एक विवाहनोंद मी उतरवून घेतली होती, तेव्हा तिचं महत्त्व कळलं नव्हतं. वही चाळली. त्या थोरल्या मुलाच्या पहिल्या मुलीचा बाप्तिस्मा त्याच्या पुढच्याच वर्षी झालेला, आणि धर्ममाता म्हणून नाव होतं मारिया, मुलीच्या आज्याची बायको. सावत्र आईच्या हातात त्याने आपलं पहिलं मूल दिलं होतं.

काका म्हणाले, "बावखलाचं बघू. आधी त्या बाईचं नाव मिस्सेत घ्या."

नोव्हेंबरमध्ये मृतांच्या दिवशी आम्ही घरातल्या गेलेल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून चर्चमध्ये देतो. त्या वर्षी दोन घरांतून दोन चिठ्ठ्या गेल्या. दोन्हींवर दोन्ही बायकांची नावं होती, नंदाखालची आणि मारिया. आमच्या चिठ्ठीवर ते चार महिन्यांचं बाळही होतं, कारण त्याला मी फुकट दोन महिने पणजोबा केलं होतं. पप्पा तेव्हा होते. व्हीलचेअरवर बसून आले. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दोघं काही बोलले नाहीत.

गोष्ट इथे गोड झाली असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. बावखलाचा निकाल अजून लागलेला नाही. दोन्ही घरांतल्या तरुणांना त्यात पाणी दिसत नाही, भराव टाकून होणारी पार्किंगची जागा दिसते. आपल्या लहानपणी हरित वसईसाठी मोर्चे निघाले होते ते आठवा, आणि आज किती बावखलं उरली ते मोजा. पण या मे महिन्यात जलपर्णी काढायला दोन्ही घरांतून माणसं उतरली. मीही उतरले, कमरेएवढ्या चिखलात.

आता तुमच्यासाठी थोडं कामाचं. माझ्या हिंदू मित्रमैत्रिणींनो, तुमच्याकडे बाप्तिस्म्याचं रजिस्टर नाही, पण त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थपुरोहितांच्या वह्या आहेत. तुमच्यातलं कुणी तिथे विधीसाठी गेलं असेल तर आज्या-पणज्याची सही तिथे असू शकते. महसूल खात्याच्या जुन्या दप्तरात पूर्वीचा जन्ममृत्यूचा गाव नमुना १४ आणि जुने फेरफार मिळू शकतात. मुंबईत फोर्टला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेख खातं आहे. आणि शाळेचं जनरल रजिस्टर विसरू नका. जातीच्या दाखल्यासाठी धावपळ करणाऱ्या कुणालाही विचारा, त्या रजिस्टरातल्या एका ओळीची किंमत किती असते. मात्र त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आपल्या वर्गात किती जणांचा वाढदिवस १ जूनला होता, आठवतंय ना? सगळ्यांच्या आया एकाच दिवशी बाळंत झाल्या नव्हत्या. शाळाप्रवेशाचं वय बसवायला गुरुजींनी लिहिलेल्या तारखा त्या.

कागद खोटा असू शकतो, आठवणही खोटी असू शकते. मला उत्तर मिळालं ते दोघांचं पटत नव्हतं त्या जागी. आत्याने सुपारी कातरताना ते एक वाक्य उच्चारलं नसतं, तर मी आजही चुकीचं नाव छातीठोकपणे सांगत असते. कागद कपाटात थांबतील. आत्या थांबणार नाही. पप्पाही थांबले नाहीत. ते या फेब्रुवारीत गेले.

म्हणून आज घरी गेल्यावर एवढंच करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, "तुझ्या आजीला घरात काय म्हणायचे?" वहीत लिहा, तारीख टाका, सांगणाऱ्याचं नाव लिहा. मला मारियाचं घरचं नाव मिळालं नाही. तुमच्या मारियाचं अजून कुणाला तरी आठवत असेल.